माझ्यावर छापलेली गाडी

मी चितेंजे बोलतेय. निळं, सुती, दोन मीटर लांबीचं कापड आहे मी. आमच्या मलावीत बाई एक वेळ चपला विसरून घराबाहेर पडेल, पण कमरेला चितेंजे गुंडाळल्याशिवाय पडायची नाही. उन्हात डोक्यावर आम्हीच, पोर पाठीशी बांधायला आम्हीच, बाजारातून पीठ आणायला आम्हीच आणि मयताच्या घरी जमिनीवर अंथरायलाही आम्हीच. आमच्यासारख्या लाखो असतील. माझ्यावर मात्र एक गाडी छापलेली आहे, आणि त्या गाडीपायी जे काही झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म ब्लँटायरच्या एका छपाईच्या कारखान्यात झाला. माझ्या सोबतच्या कापडांवर मासे छापले, मोर छापले, एका गठ्ठ्यावर तर कोण्या पुढाऱ्याचं हसरं तोंड छापलं. माझ्या वाट्याला पांढरी रुग्णवाहिका आली. तिच्याखाली एकमेकांत गुंतलेले दोन हात, एक काळा आणि एक गोरा. आणि चारही काठांना एकच शब्द, पुन्हा पुन्हा: झिकोमो. म्हणजे आभारी आहोत. अजून गाडीचं चाकही फिरलं नव्हतं, तोवर माझे चारही काठ आभार मानून मोकळे झाले होते.

त्याचं असं झालं, की दूरच्या एका श्रीमंत देशानं तळ्याकाठच्या मटोंडो गावच्या आरोग्य केंद्राला एक रुग्णवाहिका भेट दिली. आता एवढी मोठी भेट काय अशीच घ्यायची? मंत्री यायला हवेत, फीत कापायला हवी, भाषणं व्हायला हवीत. मंत्र्यांची तारीख मिळेना. गाडी केंद्राच्या आवारात ताडपत्रीखाली उभी राहिली, आणि तिच्या नाकासमोरून आजारी माणसं सायकलच्या कॅरिअरवर बसून जात राहिली. शेवटी तारीख मिळाली, मंडप पडला, थंड बाटल्या आल्या, राजधानीतून गाड्यांची रांग आली, आलेल्या प्रत्येकाला भत्ता मिळाला. आणि नाचणाऱ्या बायकांना मी मिळाले, माझ्या सगळ्या जुळ्या बहिणींसकट.

"आज जेवढं डिझेल जळलं ना सिस्टर," गाडीचा ड्रायव्हर सिकेलो संध्याकाळी केंद्राच्या नर्सला म्हणाला, "तेवढ्यात मी ही गाडी दोन पावसाळे चालवली असती."

"हळू बोल," सिस्टर ऑलिपा म्हणाली, "मंत्र्यांचा स्वयंपाकी अजून मांस भरून घेतोय डब्यात."

मला कमरेला गुंडाळलं ते एनेलेसीनं. तळ्यातले बारके उसिपा मासे वाळवून विकणारी ही बाई, आवाज असा की पलीकडच्या होडीतला माणूस मान वळवून बघेल. गावात पाहुणा आला की नाच ठरलेला, आणि नाचात सगळ्यांच्या पुढे एनेलेसी. तिला माझा भारी अभिमान. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ती तिच्या मोठ्या भावाकडे गेली. भाऊ म्हणजे लायफोर्डमामा. सगळं गाव त्याला मामाच म्हणतं. आमच्याकडे बहिणीच्या लेकरांचा सांभाळ बापाकडे नाही, मामाकडे. लग्न असो की दवाखाना, शब्द त्याचा. त्यात हा शिंपी. किराणा दुकानाच्या ओट्यावर पायाचं मशीन टाकून बसायचा, शेजारी रेडिओ. उमेदीची सगळी वर्षं त्यानं जोहान्सबर्गला सूट शिवण्यात घालवलेली.

"दादा, काठ मारून दे की. धागे सुटतात," एनेलेसी म्हणाली.

मामानं मला उलटंसुलटं करून पाहिलं. "हे काय आहे?"

"गाडी आहे. आंधळा झालास का?"

"गाडी दिसतेय गं. तिच्या आजूबाजूला जे आभाराचं पीक काढलंय ते विचारतोय." त्यानं माझी घडी करून तिच्या हातात दिली. "भिकेच्या कापडाला मी टाका घालत नाही."

"भीक नाही, मदत आहे ती! जोहान्सबर्गला गोऱ्यांचे सूट शिवताना बरी नाही लाज वाटली?"

"तिथं मी घाम गाळून पैसे घ्यायचो. नाचून नाही."

"मग तू गाळ घाम, मी नाचते. बघू कुणाच्या अंगणात गाडी येते ते."

तेव्हापासून मी बिनकाठाची. खरं सांगते, मला मामाचा राग आला होता. छपाई काही मी मागून घेतली नव्हती. माझे धागे एकेक करून सुटत राहिले आणि एनेलेसी ते दातानं तोडत राहिली.

पण गाडी धावली, हे कबूल करायला हवं. पहिली दोनतीन वर्षं छान धावली. एनेलेसीची मुलगी तडाला पहिल्या खेपेला अडली तेव्हा सिकेलोनं तिला याच गाडीतून जिल्ह्याच्या इस्पितळात पोचवलं. तिथे पोट उघडून मूल काढलं. तेव्हा तडालाच्या अंगावर मीच होते. परत आल्यावर सिस्टर ऑलिपानं एनेलेसीला बाजूला घेऊन बजावलं, "मायी, पुढच्या वेळी घरी कळा काढायच्या नाहीत. तिच्या पोटात आता शिवण आहे. ताण बसला तर ती उसवेल, आणि मग आई नाही आणि मूलही नाही. पहिली कळ आली की तडक जिल्ह्याला."

एनेलेसीनं ते शब्द पदरात बांधले. पदर म्हणजे मीच, त्यामुळे मलाही ते पाठ आहेत.

मग दिवस फिरले. कसे फिरले ते मी मामाच्या ओट्यावर ऐकलं, कारण एनेलेसी वाळलेले मासे विकायला तिथेच बसायची आणि मी तिच्या मांडीवर असायचे. रेडिओवर रोज तेच. देशावर कर्जाचा डोंगर झालाय, सरकारकडे जे येतं ते व्याजात जातं. बाहेरून डिझेल आणायला परकं चलन लागतं, ते संपलंय. पंपांवर दोन दोन दिवस रांगा. त्यातच गाडी देणाऱ्या त्या श्रीमंत देशात निवडणूक झाली आणि तिथल्या संसदेत भांडण जुंपलं, की आपल्या लोकांचं आधी बघायचं की परक्यांचं. भांडणाचा निकाल लागला तो मटोंडोत कळला. जिल्ह्याच्या इस्पितळाशेजारी दिवस भरलेल्या बायकांना राहायला एक घर होतं, तिथली पेज त्या देशाच्या पैशावर शिजायची. त्या घराला कुलूप लागलं.

आमच्या संसदेतही वाद पेटला. एक खासदार म्हणाला, मदतीनं आपण आळशी झालोय. दुसरा म्हणाला, आणखी मागा. दोघांच्याही गाड्या बाहेर सुरूच होत्या, असं सिकेलो म्हणायचा.

"माझं म्हणणं आता तरी पटलं का?" मामा मशीन थांबवून म्हणाला. "आज देतात, उद्या काढून घेतात. माणसाला कुबडीची सवय लावायची आणि मग ती ओढायची. त्यापेक्षा दिलीच नसती तर आपण काहीतरी सोय केली असती."

"लंगड्याला कुबडी नको, हे तू दोन पायांवर उभा राहून सांगू नकोस," एनेलेसी उसळली. "माझी तडाला जिवंत आहे ती त्या कुबडीमुळे."

"आणि कर्जाचं काय? तिच्या पोटात आता दुसरं आहे ना? ते पोरसुद्धा डोक्यावर देणं घेऊनच जन्माला येणार. रेडिओवर हिशेब सांगितलाय माणशी."

"कर्ज काढताना मला विचारलं होतं का कुणी? तुला? मग फेडायची वेळ आली की माझ्याच लेकीच्या औषधावर कात्री कशाला?"

"तेच तर म्हणतोय मी!"

"तू तेच म्हणत नाहीस, तू भलतंच म्हणतोस."

सिकेलो मध्ये पडला. "तुमचं होईपर्यंत माझ्या गाडीखाली कोंबडीनं अंडी घातलीत. निम्मी मी खाल्ली, निम्मी सिस्टरनी."

हसले सगळे. पण एनेलेसीचा हात माझ्या सुट्या धाग्यांशी चाळा करत होता. तडालाचे दिवस भरत आले होते. नवरा कामासाठी जोहान्सबर्गला गेलेला. इस्पितळाशेजारचं घर बंद. केंद्राच्या आवारात गाडी होती, पण तिच्यात डिझेल नव्हतं. त्या दिवसांत माझ्यावरची छापील गाडी गावभर फिरत होती आणि खरी जागची हलत नव्हती.

अशात बातमी आली की पाहुणे येताहेत. हे मदत देणारे नव्हते, कर्ज देणारे होते. आधीच्या पैशाचं काय केलं ते डोळ्यांनी बघणार, आणि मग नवं कर्ज द्यायचं की नाही ते ठरवणार. मटोंडोचं केंद्र त्यांच्या यादीत होतं. सगळा जिल्हा कामाला लागला.

आदल्या दिवशी जिल्हा कचेरीतले न्जेवासाहेब पिकअप घेऊन आले. पिकअपमध्ये चुन्याच्या पिशव्या, साबण आणि डिझेलचे कॅन. सिकेलोचा तर विश्वासच बसेना. टाकी काठोकाठ भरली. गाडी धुतली, पुसली, केंद्राच्या पाटीवर नाव नव्यानं रंगवलं. सगळं झाल्यावर न्जेवासाहेबांनी हात पुढे केला.

"चावी."

"चावी कशाला साहेब?" सिकेलो म्हणाला.

"माझ्याकडे राहील. मागच्या खेपेला पाहुणे आले तेव्हा गाडी कुठे होती, आठवतं का? मयताला! वर शवपेटी बांधलेली आणि आत बायका कोंबलेल्या. पाहुण्यांना रस्त्यातच सामोरी आली. माझ्या साहेबांनी माझी काय पूजा बांधली ते मलाच माहीत."

यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे गावात माणूस गेलं आणि आवारात सरकारी गाडी उभी असली, तर ती मयताला न देणं म्हणजे वैरच. नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही.

सिस्टर ऑलिपा पुढे आली. "साहेब, माझ्याकडे एक बाई आहे. पोटात जुनी शिवण. आज सुरू होईल की उद्या, सांगता येत नाही. चावी इथे राहू द्या, मी कुणाला हात लावू देणार नाही."

"सिस्टर, उद्याच्या एका दिवसाचा प्रश्न आहे. पाहुण्यांना गाडी जागेवर दिसली पाहिजे, स्वच्छ दिसली पाहिजे, टाकी भरलेली दिसली पाहिजे. परवापासून हवी तेवढी फिरवा." आवाज त्यांनी खाली आणला. "माझाही पगार अडकलाय हो. नवं कर्ज आलं तर तो सुटेल. तुमचाही."

न्जेवा काही वाईट माणूस नव्हता. चावी त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन सकाळपासूनच तापलं. आम्ही सगळ्या जुळ्या बहिणी बायकांच्या कमरेला, केंद्रासमोर दोन रांगांत. एनेलेसी पुढे. पाहुणे लवकर येणार होते. मग म्हणे निघालेत. मग म्हणे वाटेत आणखी एक शाळा बघताहेत. गाणं थांबवायचं नाही असा गावच्या मुखियाचा हुकूम होता. न्जेवासाहेब पाहुण्यांना सामोरे जायला डांबरी रस्त्यापर्यंत गेले. चावी त्यांच्या खिशात.

ऊन डोक्यावर येत होतं तेव्हा शेजारची म्हातारी काठी टेकत रांगेपर्यंत आली आणि एनेलेसीच्या कानाला लागली. "तुझी लेक भिंत धरून उभी आहे. आईला सांगू नका म्हणाली, म्हणूनच आले."

एनेलेसीनं गाणं अर्ध्यावरच सोडलं. रांग सोडून ती धावली, आणि मुखिया मागून ओरडत राहिला.

सिस्टर ऑलिपानं तडालाच्या पोटावर हात ठेवला तेव्हा सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. तोंड बघूनच कळलं. "आत्ता निघायचं. आत्ताच्या आत्ता."

"गाडी!" एनेलेसी म्हणाली.

गाडी समोर होती. चकचकीत, टाकी भरलेली. सिकेलो स्टिअरिंगखाली डोकं घालून बसला. "जुनी असती तर तारा जोडून चालू केली असती मायी. ही नव्या पद्धतीची आहे, चावी जवळ असल्याशिवाय हूं का चूं करत नाही."

सिस्टरनं न्जेवासाहेबांना फोन लावला. "दहा मिनिटांत आलोच," ते म्हणाले. दहा मिनिटं गेली. परत लावला. "पाहुणे गाडीत बसताहेत, आलोच." तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही.

तेवढ्यात मामा आला. स्वागताला येणार नाही असं त्यानं गावभर सांगितलेलं, गळ्यात मोजपट्टी तशीच होती. त्यानं भाचीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, रांगेतल्या बायकांकडे पाहिलं.

"कुणाची वाट बघताय?"

"तुझ्या शब्दाची," म्हातारी म्हणाली. "मामा तू आहेस."

"मग उचला तिला. सायकलवर नको, हिसका बसेल. बांबू आणा."

आमच्याकडे गाडी यायच्या आधी माणसं अशीच नेत. बांबूला चितेंजेची झोळी, झोळीत माणूस. एनेलेसीनं मला सोडलं, खाली माझ्या आणखी एका बहिणीला घेतलं, टोकं बांबूला बांधली. तडालाचं सगळं ओझं माझ्या अंगावर आलं. डांबरी रस्ता लांब होता आणि जिल्ह्याचं इस्पितळ त्याहून लांब.

पावलं जुळायला हवी होती, नाहीतर झोळी हेलकावते. पावलं जुळायला गाणं हवं. महिनाभर बायकांनी एकच गाणं घोटलं होतं, तेच त्यांच्या तोंडी आलं. या या पाहुण्यांनो, आमच्या अंगणी या. असं गात आम्ही धुळीच्या रस्त्यानं निघालो. दोघी थकल्या की दुसऱ्या दोघी खांदा देत. सिस्टर ऑलिपा झोळीला हात लावून चालत होती आणि दर थोड्या वेळानं म्हणत होती, "जोर लावू नकोस तडाला. काही झालं तरी जोर लावू नकोस." तडाला ओठ चावत होती. मला तिच्या पाठीचा घाम लागत होता.

आणि मग माझा काठ फाटला.

बिनकाठाच्या कापडावर एवढं ओझं! चर्र असा बारीक आवाज झाला, गाण्यात कुणाला ऐकू आला नाही. मामाला आला. जन्मभर कापड फाडलेल्या माणसाचा कान तो. त्यानं चीर बघितली. बोटभर होती, पुढच्या पावलाला आणखी वाढली. तिच्या वाटेत माझ्यावर छापलेली गाडी होती. मामानं वाकून चिरेची दोन्ही टोकं एका मुठीत गच्च आवळली आणि तसाच वाकलेला चालू लागला. खाली मान घालून तो पुटपुटत होता, "चार टाके गं. चार टाक्यांचं काम होतं." एनेलेसीनं ऐकलं. ती गाणं आणखी मोठ्यानं म्हणू लागली.

मी धरून राहिले. खालची बहीणही धरून राहिली. पण मला भीती वाटत होती, हे लपवत नाही. मी सुटले असते तर ती शिवण रस्त्यावरच सुटली असती.

समोर धूळ उठली. पिकअप पुढे, मागे उंच पांढऱ्या गाड्यांची रांग. बायका रस्त्याच्या मधोमध थांबल्या. न्जेवासाहेब उडी मारून उतरले.

"हे काय! तुम्ही इथे काय करताय? नाच तिकडे आहे!"

"चावी," एनेलेसी म्हणाली.

"आत्ता चावी घेऊन काय करणार? गाडी तर तिकडे आहे. वळा मागे, लवकर, पाहुणे उतरताहेत."

मागच्या गाडीतून पिकल्या केसांची एक गोरी बाई उतरली, डोक्याला गवताची टोपी. सगळ्यांत मोठी पाहुणी तीच असावी. तिनं इंग्रजीत विचारलं, "काय म्हणताहेत या?"

न्जेवासाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "आपलं स्वागत करायला एवढ्या लांब चालत आल्यात, मॅडम," ते म्हणाले.

ती हसली. छातीवर हात ठेवून बायकांना तिनं मान लववली. तिचा दोष नव्हता. गाणं स्वागताचं होतं आणि माझ्या काठावर आभार छापलेले होते. तिनं फोन काढून माझ्याकडे रोखला.

एनेलेसीला इंग्रजी कळत नव्हतं. पण ते हसू कळलं, आणि ती ओरडली. तिच्या त्या आवाजात काय काय शिव्या होत्या ते मी सांगणार नाही. ज्या पाहुण्यांसाठी ही बाई इतकी वर्षं नाचली, त्यांनाच ती मुठी वळून ओरडत होती, आणि त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

मग मामा बोलला. गोऱ्याच्या दारात हात पसरणार नाही म्हणणारा हाच तो मामा. एक मूठ माझ्या चिरेवर, दुसरा हात पुढे पसरलेला. जोहान्सबर्गच्या दुकानात शिकलेल्या इंग्रजीत तो म्हणाला, "बाई, हे स्वागत नाही. आत माझी भाची आहे. तिचं पोट आतून फाटायला आलंय. तुमची गाडी द्या. मी हात जोडतो. एक हात मोकळा नाही, म्हणून एकच पसरलाय."

बाईनं फोन खाली घेतला. "पण तुम्हाला रुग्णवाहिका दिलेली आहे ना?"

मामानं मान हलवून माझ्यावरच्या चित्राकडे दाखवलं. "दिलीय ना. ही बघा. चालते ती एवढीच."

बाईसोबतचा तरुण साहेब म्हणाला, "बाहेरच्या माणसाला आपल्या गाडीत घेता येत नाही. नियम आहे. काही झालं तर जबाबदारी आपल्यावर येईल." बाई त्याच्याकडे बघत राहिली. तडालानं चावलेला ओठ सोडला आणि एक लांब, बारीक आवाज काढला.

एनेलेसी कुणाचं उत्तर ऐकायला थांबली नाही. ती सरळ गेली, पांढऱ्या गाडीचं दार उघडलं आणि बायकांना म्हणाली, "घाला आत."

घातलं. मला बांबूवरून सोडलं आणि तडालासकट मागच्या सीटवर ठेवलं. मामानं मूठ उघडली तेव्हा मी माझ्या गाडीच्या मधोमध पार चिरत गेले. सिस्टर आत बसली, एनेलेसी बसली. मग पिकल्या केसांची बाई ड्रायव्हरला म्हणाली, "जा. जोरात जा." ती स्वतः उतरलेलीच राहिली, आणि बायकांबरोबर उन्हातून चालत मटोंडोला गेली. न्जेवासाहेब पिकअपमध्ये बसा म्हणून मागे लागले होते, पण ती बसली नाही असं मला नंतर कळलं.

इस्पितळात दार लोटलं आणि मला बाहेरच्या बाकावर टाकलं. एनेलेसी माझ्यात तोंड खुपसून बसली. आत शिवण उसवायला लागलेली होती, असं डॉक्टर नंतर म्हणाला. आणखी थोडा उशीर झाला असता तर, म्हणाला, आणि वाक्य अर्धवट ठेवून हात धुवायला गेला. पण दोघी वाचल्या. तडाला आणि तिची लेक. मुलीला आणून पहिल्यांदा गुंडाळलं ते माझ्याच एका तुकड्यात.

नवं कर्ज मिळालं की नाही, ते आम्हाला धड कळलं नाही. रेडिओ एक दिवस मिळालं म्हणतो, दुसऱ्या दिवशी अटी सांगतो. न्जेवासाहेब स्वतः येऊन चावी देऊन गेले. मान वर न करता दिली. आता ती सिस्टर ऑलिपाच्या खोलीत खिळ्याला असते, आणि मयत कुणाचंही असो, ती हात लावू देत नाही. गाव तिच्यावर चिडलेलं आहे. गाडी मात्र उभीच आहे. टाकीतलं डिझेल पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या केंद्रावर नेलं. तिथेही पाहुणे यायचे होते.

पाऊस सुरू व्हायच्या आधी एक दिवस एनेलेसी नातीला आणि माझ्या दोन तुकड्यांना घेऊन ओट्यावर आली. नातीला तिनं मामाच्या मांडीवर ठेवलं.

"सांग बघू आता. डोक्यावर किती देणं घेऊन आलीय ही? तुझ्या रेडिओनं हिशेब सांगितलाय ना?"

मामानं रेडिओ बंद केला. पोरीनं त्याची मोजपट्टी तोंडात घातली होती. "हिचं काही देणं नाही," तो म्हणाला. "हिचं येणं आहे. ती गाडी हिच्यासाठीच आली होती ना? मग हिला मिळाली कुठे?"

"मग भीक नाही म्हणतोस?"

"हिच्या हक्काचं असेल तर भीक कशी?"

त्यानं पोरगी बहिणीकडे दिली आणि मला मशीनवर घेतलं. माझ्या गाडीचे दोन भाग जुळवले आणि मधून दुहेरी शिवण घातली. चाकं थोडी वरखाली झालीत. मग इतक्या वर्षांनी त्यानं मला काठ मारला. चारही बाजूंनी कापड चांगलं रुंद आत दुमडलं आणि मशीन चालवलं. एनेलेसी बघत होती.

"अरे दादा, झिकोमो सगळं आत गेलं की!"

"जाऊ दे."

"वाचता येत नाही आता."

"आधी गाडी चालू दे," मामा म्हणाला. "मग उसवून बाहेर काढू."

मी आता तडालाच्या पाठीवर असते. पोरगी वजनाला चांगली भरली आहे, पण काठ पक्का आहे, मला भीती वाटत नाही. देणाऱ्यांनो, तुमच्या संसदेत आणि आमच्या संसदेत वाद चालू राहतील. द्यावं की देऊ नये, घ्यावं की घेऊ नये, फेडायचं कुणी. खुशाल भांडा, भांडायलाच हवं. माझं मागणं एवढंच आहे की भांडण मिटेपर्यंत चावी खिळ्याला असू द्या आणि टाकीत थोडं डिझेल असू द्या. त्या दिवशी माझे आभार तुम्हाला मिळतील. ते दुमडीत जसेच्या तसे आहेत, आणि काठ उसवायला मामाला फार वेळ लागत नाही.